छावणी : गुरांची, घोड्यांची आणि माणसांची



छावणी हा शब्द उच्चारला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या बाईच्या डोळ्यांपुढे शिपाई येत नाही, जनावर येते. २०१३ आणि २०१९ या दोन दुष्काळांत आपल्यापैकी कितीजणींनी चारा छावणीत महिनेच्या महिने काढले! वर हिरव्या जाळीचे छप्पर, खाली दावणीला दोन बैल नि एक गाय, कडेला चुलीचे तीन दगड, आणि रोजची ओल्या चाऱ्याच्या वजनावरून कटकट. पण हा शब्द मूळचा गुरांचा नव्हे. तो लष्करातून आपल्याकडे आला. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिही असा आग्रह झाला, तेव्हा पाककृती लिहिण्यापेक्षा या शब्दाचा माग काढावा असे मी ठरविले. शिक्षण सातवीपर्यंतचे, परंतु वाचनालयातली मराठी पुस्तके मी वाचते, आणि इंग्रजीतले माझ्या मुलीने वाचून अर्थ सांगितला आहे.

छावणी म्हणजे छप्पर. शाकारणे आणि छावणे हे एकाच घरचे शब्द. जुन्या काळी मराठ्यांचे सैन्य बारा महिने लढत नसे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीस निघत, आणि मृगाच्या आधी परत फिरत. पावसाळ्यात नद्यांना उतार नसतो, रस्त्यात चिखल, घोड्यांचे खूर कुजतात, दारू भिजते. मग चार महिने एका जागी मुक्काम करावयाचा, घोड्यांवर आणि माणसांवर काही तरी छावून घ्यावयाचे, म्हणून ती छावणी. उघड्या माळावर राहुट्या ठोकून चार दिवस राहिले तर तो तळ. दोहोंत फरक आहे तो आपण विसरलो.

अशा पावसाळी छावणीचे सर्वांत चांगले वर्णन कोणत्या बखरीत नाही, ते शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे महाराजांचे घोडदळ कोकणात चिपळूणजवळ छावणीस होते. तेथील जुमलेदार, हवालदार, कारकून यांना हे पत्र गेले. त्यात लढाईचा एक शब्द नाही. आहे तो सगळा दाणा, वैरण, चूल आणि दिवा यांचा विचार. महाराज म्हणतात, पागेसाठी जो दाणा व गवत जमविले होते ते आधीच पुष्कळ खर्च झाले आहे. आता उरलेले बेताबेताने, पावसाळा संपेतो पुरेल असे वापरा. आज मन मानेल तसे चाराल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरांत शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. कुणबी गाव सोडून जातील. त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या, रयतेच्या काडीला हात लावू नका.

पुढचा भाग तर एखाद्या जाणत्या सासूने सुनेला सांगावा तसा आहे. कोणी भलत्या ठिकाणी चूल पेटवील, कोणी गंजीपाशी चिलीम ओढील, वारा आहे नाही पाहणार नाही. एक खण पेटला की सगळे खण पेटतील आणि सगळी वैरण राख होईल. मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी गवताची काडी उत्पन्न व्हावयाची नाही. रात्री दिवा जळत ठेवू नका, कारण उंदीर जळती वात तोंडात धरून नेतो आणि गवत पेटते! एवढा मोठा राजा, आणि त्याला उंदराची आठवण. ज्या घरात कडब्याची गंजी आहे तेथील बाईला हे पत्र शिकविण्याची गरज नाही. माझ्या मते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एखादी लढाई कमी करून हे पत्र सबंध घालावे.

पेशवाईत फौजा मोठ्या झाल्या, दूर गेल्या, आणि तळाचे एक फिरते शहरच बनले. मुक्काम हलला की बिनीवाला पुढे जाई. पाणी कोठे आहे, जमीन उताराची आहे काय, हे पाहून तो सरदाराच्या डेऱ्याच्या जागी निशाण रोवी. मग तेथून ओळीने बाजारांची निशाणे. ज्याची जागा जेथे ठरलेली ती रोज तेथेच, त्यामुळे नव्या रानात उतरले तरी प्रत्येकाला आपले घर अंधारातही सापडे. ब्रौटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्करात राहिला होता. त्याने ही सगळी मांडणी लिहून ठेवली आहे. वाणी, सराफ, तांबोळी, हलवाई सगळे बरोबर. बायका घोड्यावर पुरुषांसारख्या दोहीकडे पाय टाकून बसत याचे त्या गोऱ्याला मोठे नवल वाटले. पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, या शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली जो पडला तो उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी भिंती आल्या, आणि त्या शहराचे नाव आजही लष्कर असेच आहे. पुण्यातही जुनी माणसे कॅम्पाला लष्कर म्हणतात. उर्दू हा शब्दसुद्धा तुर्कीत छावणीचा; तळावर नाना मुलखांची माणसे एकत्र येऊन जी बोली बोलू लागली तिला ते नाव पडले.

या बाजारी माणसांना कागदोपत्री बाजारबुणगे म्हणतात. शब्द तुच्छतेचा आहे. पानिपतावर १७६१ साली लढणाऱ्यांपेक्षा हे बुणगे, यात्रेकरू आणि बायामाणसे यांचीच संख्या मोठी होती, आणि त्यांच्यापायी घात झाला असे आपण लहानपणापासून ऐकतो. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाईही तेथे होती. परंतु एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्या बुणग्यांवाचून लष्कर एक दिवसही जेवले नसते. दाणे कोणी दळले? घोड्याचे गवत कोणी कापून आणले? सरकारी भटारखाना तेव्हा नव्हताच. ज्याने त्याने आपापले पाहावयाचे, म्हणजे ज्याच्या त्याच्या बाईने पाहावयाचे.

आपल्या जिल्ह्यात आणि शेजारी दोन मोठे तळ मोडले गेले. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला आपण जातो ते. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामाच्या फौजेचा काही भाग गोदावरी उतरून पलीकडे गेला होता आणि काही अलीकडेच अडकला होता. पावसाळ्यात छावणी न करता नदी ओलांडण्याची वेळ आली की काय होते ते तेथे दिसले. माधवराव पेशव्यांनी अलीकडच्या भागावर घाला घातला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडचे पुराच्या पाण्याकडे पाहत राहिले. दुसरी गोष्ट खर्ड्याची. जामखेड तालुक्यातला हा गाव आपल्या पाटोद्याहून फार दूर नाही. मार्च १७९५ मध्ये निजामाने रात्रीतून माघार घेऊन खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात आसरा घेतला, आणि मराठ्यांनी तो वेढला. पाण्यावाचून फौजेचे हाल हाल झाले, आणि मग तह. पुष्कळ पुस्तकांत लिहिले आहे की निजामाबरोबर जनाना होता, बेगम घाबरली आणि तिच्या हट्टापायी माघार झाली. असेलही. परंतु पुरुष हरला की कारण बाईच्या तोंडी घालण्याची रीत फार जुनी आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

आता आपल्या अंबाजोगाईकडे येते. आपल्यातल्या वृद्ध माणसांच्या जुन्या कागदांवर गावाचे नाव मोमिनाबाद असे दिसेल. ते निजामशाहीतले नाव. जयवंती नदीच्या काठी योगेश्वरीचे, मुकुंदराजाचे, दासोपंतांचे हे गाव. पण इंग्रजांच्या नकाशावर ते प्रसिद्ध होते ते घोडदळाची छावणी म्हणून.

ती कशी आली ते थोडक्यात सांगते. हैदराबादच्या इंग्रज वकिलाने, हेन्री रसेल याने, १८१३ च्या सुमारास निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक नवी फौज उभी केली. तिला पुढे हैदराबाद काँटिंजंट म्हणू लागले. आपल्या बीडकडे धर्माजी प्रतापराव यांनी निजामाविरुद्ध उठाव केला तेव्हा, १८१८ साली, तो मोडावयास लेफ्टनंट सदरलँड नावाचा इंग्रज अधिकारीच रिसाला घेऊन आला होता. धर्माजी आणि त्यांचा भाऊ दोघेही पकडले गेले. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि पैसा रयतेचा. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेले, आणि १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड, नळदुर्गाचा मुलूख आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या हवाली करावा लागला. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालेच नाही. तहात आकडा ठरला : पायदळ निदान ५,०००, घोडेस्वार २,००० आणि तोफांच्या चार तुकड्या. ही माणसे बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर, लिंगसुगूर आणि आपले मोमिनाबाद अशा ठिकाणी वाटून ठेवलेली असत. मोमिनाबादला घोडदळ. बालाघाटावरची हवा कोरडी नि थंड, भोवती गवताची कुरणे आणि ज्वारीचा मुलूख. घोड्याला आणखी काय पाहिजे?

या घोडदळाची रीत शिलेदारी होती, आणि ती आपल्या मराठ्यांकडूनच उचललेली. ज्याचे घोडे नि हत्यार सरकारचे तो बारगीर. ज्याचे घोडे स्वतःचे तो शिलेदार. शिलेदार पलटणीत शिरताना स्वतःचे घोडे आणी, किंवा घोड्याची आणि सामानाची रक्कम भरी. तिला असामी म्हणत. सरकार महिन्याला एक ठराविक पगार देई, आणि त्यात त्याने स्वतःचे पोट, घोड्याचा दाणा, कपडे, खोगीर सगळे भागवावयाचे. घोडे मेले तर ओझे त्याच्याच फंडावर. दोन स्वारांमागे एक तट्टू आणि एक घासकापू गडी असे. हा गडी रोज सकाळी खुरपे घेऊन रानात जाई आणि दोन्ही घोड्यांपुरते गवत मुळासकट खरडून तट्टावर लादून आणी. शेकडो घोड्यांच्या पलटणीमागे रोज असे किती भारे लागत असतील याचा हिशेब ज्याच्या त्याच्या घरी करावा. गावाच्या कुरणांचे काय होत असेल, तेही त्यात आले.

आणि राहणे? गोऱ्या शिपायासाठी सरकार दगडी बराकी बांधी. हिंदी शिपायासाठी काही बांधीत नसे. त्याला जागा आखून मिळे आणि झोपडी उभी करण्यासाठी थोडी रक्कम मिळे. बाकी माती, लाकूड, गवत ज्याचे त्याने पाहावयाचे. अशा झोपड्यांच्या रांगा सरळ दोरीत असत म्हणून त्यांना लाईन म्हणत. पोलीस लाईन हा शब्द आपण अजून वापरतो तो तेथूनच आला. दक्षिणेकडच्या फौजांत शिपायाबरोबर बायकामुले राहत. मद्रासी पलटणी हलत तेव्हा सबंध संसार बैलगाडीवर मागे चाले. म्हणजे एका झोपडीत नवरा, बायको, म्हातारी, पोरे. आणि घोडदळ असेल तर दारात घोडे. पलटण दुसरीकडे निघाली की ती झोपडी येणाऱ्याला विकून जावयाची. सारवून सारवून भिंतीला पोपडे आले असतील, परंतु तिची किंमत ठरविताना सारवणाचे पैसे कोणी धरीत नसेल, असे मला वाटते.

१८५७ च्या जूनमध्ये याच काँटिंजंटचे घोडदळ औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) बिघडले. निजामाच्या मुलखाबाहेर, दिल्लीकडे आपल्याच लोकांशी लढावयास नेणार अशी कुणकुण त्यांना लागली होती. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि पुष्कळांना मृत्युदंड झाला. काहींना तोफेच्या तोंडी दिले. उरलेली फौज मात्र इंग्रजांशी इमानी राहिली आणि १८५८ मध्ये सर ह्यू रोजबरोबर झाशीवर गेली. राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून रात्री निसटली तेव्हा तिच्या पाठलागावर गेला तो लेफ्टनंट डौकर याच हैदराबादी घोडदळातला. भांडेर गावाजवळ त्याला एक राहुटी उभी दिसली, आत अर्धवट टाकलेली न्याहारी. राणी पुढे निघून गेली होती आणि डौकर जखमी होऊन परतला. आपल्या दख्खनच्या दाणागवतावर पोसलेले घोडे त्या राहुटीपर्यंत गेले होते, हे वाचून मला त्या रात्री जेवण गेले नाही.

छावणीची आणखी एक बाजू आहे. ती आपल्या स्मरणिकेत लिहावी की नाही असा विचार केला, आणि लिहावी असे ठरविले. इंग्रजांच्या मोठ्या छावण्यांत गोऱ्या शिपायांपैकी फारच थोड्यांना लग्नाची परवानगी असे. बाकीच्यांसाठी छावणीच्या बाजाराला लागून गरीब हिंदी बायका ठेवल्या जात. त्या वस्तीला लाल बाजार म्हणत. १८६८ च्या कायद्याने या बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. आजार शिपायाचाही असे, पण कोंडून ठेवीत ते बाईला. विलायतेत बायकांनीच गवगवा केला आणि १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. तरी आतून तेच चालू होते. तेव्हा कॅथरीन बुशनेल आणि एलिझाबेथ अँड्र्यू या दोन अमेरिकन स्त्रिया १८९१-९२ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानातल्या छावण्या हिंडल्या, त्या बायकांशी बसून बोलल्या, आणि लंडनमध्ये जाऊन साक्ष दिली. मोठमोठ्या लष्करी अधिकाऱ्यांनी आधी नाकारले, मग त्यांना कबूल करावे लागले. दोन परक्या बायकांनी हे केले याबद्दल कृतज्ञता वाटते. आणि त्या लाल बाजारातल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, याची रुखरुख लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव तर आपण शाळेत वाचलेच आहे, हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून. पण तिचे मोठे काम दिव्याचे नव्हे, हिशेबाचे. ती हिंदुस्थानात कधी आली नाही. अंथरुणाला खिळलेली असताना तिने येथल्या छावण्यांकडे छापील प्रश्न पाठविले. पाणी कोठून येते? सांडपाणी कोठे जाते? एका खोलीत किती माणसे निजतात? १८६३ मध्ये दोन जाडजूड ग्रंथ निघाले. त्यातून दिसले की हिंदुस्थानात गोरे शिपाई वर्षाला हजारी ६९ या प्रमाणात मरत होते, आणि ते लढाईत नव्हे. ताप, पटकी आणि आव यांनी. हिंदी शिपायांच्या लाईनींबद्दलही तिने लिहिले. घर लिंपायला माती दाराशीच खणावयाची, तो खड्डा तसाच राहावयाचा, त्यात पाणी साचावयाचे. पुढे विहिरी, मोऱ्या, उंच बराकी झाल्या आणि दहाएक वर्षांत ते प्रमाण हजारी १८ वर आले.

हे वाचल्यावर नाइटिंगेलबाईचे तिन्ही प्रश्न मी माझ्या धाकट्या बहिणीला विचारले. ती धारूरच्या डोंगरात दिलेली. दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या आसपास परत येते. आपल्याकडची हजारो जोडपी जातात तशीच. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून गाड्या, ट्रॅक्टर ओळीने निघतात तेव्हा मला जुनी मुलूखगिरी आठवते. फरक एवढाच की त्या फौजा लूट घेऊन येत, आणि ही फौज आधीच घेतलेली उचल फेडून येते. कोयता म्हणजे नवराबायकोचे जोडपे, एक नग. बहिणीने उत्तरे दिली. पाणी : एक टाकी, अर्ध्या कोसावर, तिला दोनशे कोप्या. सांडपाणी : कोपीच्या मागे, तेथेच. एका खोलीत माणसे : चटईची कोपी, आत उभे राहता येत नाही, त्यात पाच जण आणि भांडीकुंडी. आंघोळीला चार काठ्यांना साडी बांधायची, तीही पहाटे चारच्या आत. बैलांसाठी वाढे मिळते, ते मात्र भरपूर. मी विचारले, कोपी कोणी बांधली? ती हसली. म्हणाली, ताई, बांबू नि चटई मिळते, बांधणारे आपणच. गेल्या हंगामात तिच्या तळावर बायकांनी मिळून मुकादमाला अडविले, तेव्हा चार संडास उभे राहिले, पत्र्याचे. दोनशे कोप्यांना चार.

मोमिनाबादच्या छावणीचा शेवट गाजावाजा न होता झाला. १९०३ मध्ये हैदराबाद काँटिंजंट हे नावच मिटले आणि त्याच्या पलटणी हिंदी फौजेत मिसळल्या. घोडदळाच्या पलटणींपैकी एक झाली २० वी डेक्कन हॉर्स. पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या रानाजवळ, तिने भाले रोखून तोफाबंदुकांच्या रणात घोडे घातले. दूरदेशीच्या त्या महायुद्धाने शिलेदारी मोडली. घरचे घोडे, घरचा दाणा आणि घासकापू गडी घेऊन चार वर्षे परदेशात लढता येत नाही हे सरकारला कळून चुकले. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, ती रीत बंद झाली. घोडे सरकारचे, खोगीर सरकारचे आणि हळूहळू राहण्याची जागाही सरकारची. हीच डेक्कन हॉर्स १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात असल उत्तरला रणगाडे घेऊन लढली.

छावणीचे मोमिनाबाद मात्र मागे पडले आणि गाव शिकण्यासवरण्याचे झाले. स्वामी रामानंद तीर्थ येथे शिक्षक होते, आणि त्यांच्याच नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आज येथे आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य गेले. पुढे गावाला आपले अंबाजोगाई हे नाव परत मिळाले. साहेबांचे बंगले दगडाचे होते, ते पुष्कळ ठिकाणी टिकतात. लाईनीतल्या झोपड्या कच्च्या मातीच्या. वर शाकारणी झाली नाही की दोन पावसाळ्यांत भिंत बसते, आणि तिसऱ्या वर्षी तेथे तरवड उगवतो.